फादर घरी आहेत का?



येत्या 4 ऑगस्टला ख्रिस्तसभा संत जॉन मेरी व्हियानी यांचा सण साजरा करते. धर्मग्रामात काम करणाऱ्या धर्मगुरूंचे ते आश्रयदाते संत. त्या दिवशी दरवर्षी तुम्ही आम्हां धर्मगुरूंना शुभेच्छा देता, मुले फुले आणतात, महिला मंडळाकडून काही गोडधोड येते. या प्रेमाबद्दल आम्ही तुमचे आभारी आहोत. यंदा मात्र आम्हांला चर्चच्या बाजूला असलेल्या त्या घराविषयी तुमच्याशी बोलायचे आहे, ज्याला कुणी 'बंगला' म्हणते, कुणी 'मिशन' म्हणते, तर कुणी नुसतेच 'ऑफिस'.

या घराच्या दारात एकच प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. फादर घरी आहेत का? कुणाला स्नानसंस्काराचा दाखला हवा असतो, कुणाला वडिलांच्या वर्षदिनाची मिस्सा सांगायची असते, कुणाच्या मुलीचे लग्न ठरलेले असते. स्वयंपाकघरातून उत्तर येते, "नाहीत, भुसावळला गेलेत." मग माणूस परत फिरतो आणि फाटकाशी कुणी भेटले तर म्हणतो, "फादर कधी घरी सापडतच नाहीत." हे आमच्या कानांवर येते. त्यात रागाचे काही नाही. उलट धर्मगुरू घरी सापडला पाहिजे, ही तुमची अपेक्षा ख्रिस्तसभेचीच अपेक्षा आहे आणि ती फार जुनी आहे.

सोळाव्या शतकापर्यंत युरोपात असे पुष्कळ चालत असे की एकाच धर्मगुरूच्या नावावर दोन-तीन धर्मग्रामे असत, उत्पन्न तो घेई आणि राही मात्र दूर एखाद्या शहरात. गावात थोड्या पगारावर कुणीतरी बदली नेमलेला असे. ट्रेंटच्या परिषदेने 1563 साली यावर बोट ठेवले. ज्याच्याकडे मेंढरे सोपवली आहेत त्याने मेंढरांमध्ये राहिले पाहिजे, असा तिचा निर्णय होता. आज लागू असलेला ख्रिस्तसभेचा कायदा 1983 सालचा आहे. त्यातील 533 वे कलम सांगते की प्रमुख धर्मगुरूने चर्चजवळच्या धर्मगुरुनिवासात राहावे. वेगळी व्यवस्था करायची तर बिशपांची परवानगी हवी. वर्षातून सुटी एक महिन्याची. एक आठवड्याहून जास्त दिवस बाहेर जायचे तर बिशपांना कळवून जायचे. सहायक धर्मगुरूलाही धर्मग्रामातच राहण्याचे बंधन आहे. तेव्हा हे घर मुळात आमच्या सोयीसाठी बांधलेले नाही. आम्ही तुम्हांला सापडावे म्हणून ते आहे.

आता आपल्या खानदेशाकडे पाहा. वसईत एका चर्चच्या मनोऱ्यावरून दुसऱ्या चर्चचा मनोरा दिसतो असे म्हणतात. आपल्याकडे जळगाव जिल्ह्याचे तालुके 15 आणि धुळ्याचे 4. जळगावहून धुळे सुमारे 90 किलोमीटर, चाळीसगावही जवळजवळ तेवढेच. 2011च्या जनगणनेत या दोन जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या 62 लाखांवर होती. त्यात आपण कॅथलिक मूठभर, आणि ती मूठही विखुरलेली. एक घर रेल्वे कॉलनीत, दोन घरे आयुध निर्माणीच्या वसाहतीत, एक शिक्षिका पाचोऱ्याला, एक परिचारिका चोपड्याला. कुणी नगर जिल्ह्यातून नोकरीसाठी आलेले, कुणी केरळ, गोवा, मंगळूर किंवा तमिळनाडूतून. आपला नाशिक धर्मप्रांत 15 मे 1987 रोजी पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला, थॉमस भालेराव त्याचे पहिले बिशप झाले आणि बिशपांचे आसन आपल्या थोडे जवळ आले. तरी नाशिक काही शेजारी नाही. धर्मगुरू थोडे आणि रस्ते लांब, ही इथली जुनीच गोष्ट आहे. एका घराची भेट घेऊन येईपर्यंत अर्धा दिवस जातो. म्हणून "फादर घरी नाहीत" याचा अर्थ पुष्कळदा "फादर दुसऱ्या कुणाच्या तरी घरी आहेत" असा असतो. आणि तेही कायद्यातच आहे. 529 वे कलम आम्हांला सांगते की कुटुंबांना भेटी द्या, त्यांच्या चिंता आणि दुःखे वाटून घ्या, आजारी, एकाकी, गरीब आणि आपल्या मुलुखापासून दूर पडलेल्या लोकांकडे विशेष लक्ष द्या. घरात राहा आणि घराबाहेर पडा, ही दोन्ही कलमे पाळायची म्हणजे रोजची ओढाताण असते. प्रभूचीही होती. मार्काच्या पहिल्या अध्यायात संध्याकाळी सारे कफर्णहूम दाराशी लोटलेले आहे, आणि पहाटे उजाडण्यापूर्वी प्रभू उठून एकांतात प्रार्थनेला गेलेला आहे. शिष्य त्याला शोधत फिरत होते. त्यांचाही प्रश्न आपलाच होता.

धर्मगुरूच्या घराविषयी पवित्र शास्त्रात काय आहे असे कुणी विचारले, तर आम्ही राजांच्या दुसऱ्या ग्रंथाचा चौथा अध्याय उघडायला सांगू. शुनेम गावात एक सधन बाई होती. अलीशा संदेष्टा त्या वाटेने येई-जाई तेव्हा ती त्याला आग्रहाने जेवायला थांबवी. असे अनेकदा झाल्यावर ती नवऱ्याला म्हणाली की हा देवमाणूस नेहमी इकडून जातो, आपण गच्चीवर त्याच्यासाठी एक लहान खोली बांधू. त्या खोलीत तिने चार वस्तू ठेवायचे ठरवले. खाट, मेज, बैठक आणि दिवा. निजायला खाट, लिहा-वाचायला मेज, भेटायला आलेल्यासमोर बसायला बैठक आणि रात्रीसाठी दिवा. काही राहून गेले असे वाटत नाही, आणि जास्तीचेही काही नाही. आमच्यापैकी कुणाच्याही खोलीत आज या चारांपेक्षा पुष्कळ जास्त सामान निघेल. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांवर जातो तेव्हा कूलर हवाच. त्याबद्दल आम्ही माफी मागणार नाही. पण घर वाढवण्याचा किंवा सजवण्याचा विचार निघतो तेव्हा शुनेमच्या बाईची यादी एकदा वाचावी, असे आम्ही आमच्या बांधवांना आणि धर्मग्राम परिषदेलाही सांगू. धर्मगुरूचे घर गावातल्या साहेबाच्या बंगल्यासारखे दिसू लागले की गरिबाचा पाय फाटकातच अडखळतो. चप्पल कुठे काढावी इथपासून त्याला विचार पडतो.

गोष्ट इथे संपत नाही. अलीशा त्या बाईला विचारतो की तुझ्यासाठी काय करू, राजाकडे काही शब्द टाकू का? ती म्हणते, मी आपल्या लोकांत राहते, मला काही नको. पुढे देव तिला मुलगा देतो. तो मोठा होतो आणि एक दिवस कापणीच्या वेळी शेतात त्याचे डोके दुखू लागते. दुपारी आईच्या मांडीवर त्याचा प्राण जातो. तेव्हा ती काय करते? मुलाला त्या खोलीत, देवमाणसाच्या खाटेवर निजवते, दार लावते, गाढवावर खोगीर घालायला सांगते आणि थेट कर्मेल डोंगर गाठते. अलीशा तिच्या गच्चीवरच्या खोलीत नव्हता. पण तो कुठे सापडेल हे तिला माहीत होते. त्याचा नोकर सामोरा येतो तर ती त्याच्यापाशी थांबत नाही, सरळ अलीशाचे पाय धरते आणि त्याला घेतल्याशिवाय परत फिरायला तयार होत नाही. हे बळ तिला त्या दिवशी अचानक आले नाही. ज्या दिवसांत तिला काहीच नको होते त्या दिवसांत तिने त्याला जेवू घातले होते, त्याच्याशी बोलली होती, त्याची ये-जा तिला ठाऊक होती.

आपल्या धर्मग्रामात कित्येक घरांचा आणि या घराचा संबंध फक्त दाखल्यापुरता उरला आहे, हे आम्हांला खटकते. शाळेचा प्रवेश आला की फोन येतो. लग्न ठरले की फोन येतो. मधली दहा वर्षे शांतता. दाखले देणे हे आमचे कामच आहे, त्याबद्दल कुरकुर नाही. स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांची पुस्तके याच घरात कुलुपात असतात आणि त्यांना आम्ही जिवापाड जपतो. तुमच्या स्नानसंस्काराच्या नोंदीच्या बाजूला तुमच्या दृढीकरणाची आणि लग्नाचीही नोंद व्हावी लागते. म्हणून भुसावळला स्नानसंस्कार झालेल्या मुलीचे लग्न पुण्याला झाले तरी तिथून इकडे कळवले जाते आणि जुन्या पानावर नवी ओळ चढते. माणूस कुठेही गेला तरी त्याचे पान इथे असते. पण पानावर नाव आहे आणि माणसाची ओळख नाही, अशी स्थिती असली तर ते पुस्तक आणि तहसील कचेरीतले रजिस्टर यांत फरक काय राहिला?

घर कुणाचे, हेही एकदा स्पष्ट सांगितलेले बरे. ते आमचे नाही. धर्मप्रांतीय धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेत नाही, ते येशूसंघीय किंवा इतर संघांचे धर्मगुरू घेतात. आम्ही आज्ञापालनाचे आणि ब्रह्मचर्याचे वचन बिशपांना देतो. पण साधे राहा, असे कायदा आम्हांलाही सांगतो. चर्चमध्ये संस्काराच्या निमित्ताने आलेले दान धर्मग्रामाच्या खात्यात जाते आणि प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे बंधनकारक आहे. तिच्या सभासदांना हिशेब विचारा, तो तुमचा हक्क आहे. बदलीचे पत्र आले की आम्ही आपले कपडे आणि पुस्तके घेऊन निघतो. भिंती, कपाटे, अंगणातला कडुनिंब, सारे तिथेच राहते, आणि दुसरे कुणी येऊन त्याच खाटेवर झोपते. एक गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक नसावी. दर रविवारी आणि मोठ्या सणाला प्रमुख धर्मगुरूने एक मिस्सा आपल्या धर्मग्रामातल्या लोकांसाठी अर्पण करायची असते. तिच्यासाठी कुणाकडून दान घेतले जात नाही. तुम्ही या रविवारी आलात किंवा नाही आलात, ती तुमच्यासाठीच अर्पण झालेली असते.

संत व्हियानी 1818 साली आर्स नावाच्या फ्रान्समधल्या खेड्यात आले तेव्हा तिथे जेमतेम अडीचशे लोक राहत. आपल्या एखाद्या वाडीएवढेच गाव. घरात बरे सामान होते, ते त्यांनी बहुतेक परत पाठवून दिले. ते उकडलेले बटाटे खात. पुढे दूरदूरचे लोक पापनिवेदनासाठी येऊ लागले आणि ते दिवसाचे बारा-बारा, कधी सोळा तास पापनिवेदनाच्या आसनात बसू लागले. हे सारे आपण प्रवचनांत ऐकतो. जे सहसा सांगितले जात नाही ते असे की हा संत आपल्या धर्मग्रामातून पळून जायला निघाला होता, आणि तेही एकदा नव्हे. 1843 साली मोठ्या आजारातून उठल्यावर ते आपल्या जन्मगावी निघून गेले, तर लोक तिथे त्यांच्या मागोमाग पोहोचले. 1853 साली रात्री निघाले तेव्हा गावात घंटा वाजली आणि लोकांनी त्यांची वाट अडवली. त्यांना एकांत हवा होता. आपण या पदाला योग्य नाही, आपल्या पापांसाठी रडायला कुठेतरी कोपरा मिळावा, असे त्यांना वाटे. शेवटी 4 ऑगस्ट 1859 रोजी त्याच घरात त्यांनी प्राण सोडला. अकराव्या पायस पोपमहोदयांनी 1925 साली त्यांना संतपद दिले आणि 1929 साली साऱ्या जगातल्या धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते केले. घर सोडून पळू पाहणारा माणूसच आमच्यासाठी निवडला गेला, याचा आम्हांला मोठा धीर वाटतो. संध्याकाळच्या मिस्सेनंतर फाटक लागते, दिवे मालवतात, आणि घरात एक माणूस आणि एक ताट उरते. बहुतेक दिवशी ती शांतता गोड असते. काही दिवशी नसते. तुमच्यापैकी कुणी भरीत-भाकरीचा डबा घेऊन येते आणि दहा मिनिटे बसून बोलते, त्याचे मोल डब्याहून मोठे आहे. तो बोलणारा येताना काही काम घेऊन आलेला नसतो, म्हणून.

हे बोलणे पुढच्या खोलीत व्हावे, काचेच्या दाराआड, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. लहान मुलांनी आतल्या खोल्यांत एकट्याने येऊ नये. हा नियम कुणावरच्या संशयापोटी नाही. जगात अनेक ठिकाणी काय घडले आणि ते कसे दडपले गेले हे आता सर्वांना माहीत आहे. 2019 साली फ्रान्सिस पोपमहोदयांनी अशा तक्रारी कळवणे धर्मगुरूंना आणि व्रतस्थांना बंधनकारक केले. दार काचेचे असले तर मुलेही सुरक्षित राहतात आणि आमचे नावही.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले तिकडे येऊ. धर्मग्रामातली पुष्कळ कामे तुम्ही करू शकता आणि करताही. धर्मशिक्षण देता, प्रार्थना चालवता, वाचने वाचता. नेमलेले प्रापंचिक सेवक आजाऱ्यांकडे ख्रिस्तशरीर नेऊ शकतात. नवजात बाळाच्या जिवाला धोका असेल तर दवाखान्यातली परिचारिकाही, किंबहुना कुणीही, पाणी ओतून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने त्याला स्नानसंस्कार देऊ शकते. तो संपूर्ण स्नानसंस्कार असतो, मागाहून नोंद मात्र करून घ्या. पण पापांची क्षमा आणि आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, ही दोन कामे धर्मगुरूवाचून होत नाहीत. आणि नेमक्या याच दोन कामांसाठी आम्हांला सर्वांत उशिरा बोलावले जाते.

कारण आम्हांला माहीत आहे. घरात म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली असते. धाकटा म्हणतो, फादरांना बोलावू या. थोरला म्हणतो, आताच नको, ती घाबरेल, तिला वाटेल आपले संपले. सुना गप्प राहतात. असे करत बोलावणे येते तेव्हा आईची शुद्ध गेलेली असते, किंवा त्याहून उशीर झालेला असतो. लोक अजून या संस्काराला 'शेवटचे तेल' म्हणतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ही समजूत बदलायला सांगितली. आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे माणसाच्या जिवाला धोका सुरू होतो तेव्हाच या संस्काराची योग्य वेळ आलेली असते. मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी तो घेता येतो. बरे वाटून पुन्हा आजार उलटला तर पुन्हा घेता येतो. संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे असे सांगितले आहे. बोलावण्याचे काम तिथे आजाऱ्याकडे दिले आहे. शुद्ध हरपलेला माणूस कुणाला कसा बोलावणार? त्याला पापनिवेदन करायचे असेल, एखाद्या भावाशी वीस वर्षे धरलेला अबोला सोडायचा असेल, तर त्यासाठी जीभ चालत असायला हवी. शुद्ध नसलेल्यालाही आम्ही तेल लावतो, प्राण गेला की नाही अशी शंका असली तरीही लावतो, आणि देवाच्या दयेला सीमा नाही. पण त्या म्हातारीचे जे बोलायचे राहून गेले ते राहूनच गेले.

खानदेशात यात आणखी एक अडचण आहे. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जळगावच्या शासकीय रुग्णालयात दाखल झालेल्या आपल्या माणसाचे आडनाव साळवे, गायकवाड किंवा पवार असते. त्यावरून तो ख्रिस्ती आहे हे कुणालाही कळत नाही. आम्ही वॉर्डातून फिरलो तरी त्याच्या खाटेजवळून पुढे निघून जाऊ शकतो. तुम्ही सांगितले तरच कळते. रुग्णाला नाशिकला, छत्रपती संभाजीनगरला किंवा मुंबईला हलवले तरी कळवा, तिथल्या धर्मगुरूंना आम्ही फोन करतो. मध्यरात्र आहे, फादर झोपले असतील, असा संकोच करू नका. ट्रेंटच्या परिषदेने आम्हांला गावात राहायला सांगितले ते अशा रात्रीसाठीच. आम्ही चोपड्याच्या वाटेवर असलो तर यायला दोन तास लागतील, म्हणून तर लवकर कळवायचे.

आम्ही येऊ तेव्हा फार तयारी नको. रुग्णाच्या उशाशी एक लहान मेज किंवा स्टूल, त्यावर स्वच्छ कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी. टीव्ही बंद. घरातली सगळी माणसे खोलीत असू द्या, मुलांना बाहेर काढू नका. पापनिवेदनाच्या वेळी तेवढी पाच मिनिटे सर्वांनी बाहेर थांबायचे, मग पुन्हा आत यायचे. धर्मगुरू आधी न बोलता रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवतो, मग कपाळाला आणि हातांना तेल लावतो. हे तेल बिशपांनी पवित्र सप्ताहात आशीर्वादित केलेले असते. त्यानंतर सगळ्यांनी मिळून 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' म्हणायचे. रुग्णाला म्हणवत नसेल तर त्याच्या कानाशी, सावकाश म्हणा.

ज्यांच्या घरी आजारी किंवा अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत त्यांनी आज मिस्सेनंतर त्यांचे नाव, पत्ता आणि भेटायला सोयीची वेळ पुढच्या खोलीतल्या वहीत लिहून जावे. चहा ठेवलेला आहे.